पळण्याचे ठोके सायकलला लावू नका

महोदय,

पुरवणीत आलेला हृदयाच्या ठोक्यांचा तक्ता मी कापून फ्रिजवर चिकटवला होता. वय ५६, म्हणजे २२० वजा ५६, कमाल ठोके १६४. पुढे टक्के: इतके हलक्या व्यायामाचे, इतके मध्यम. व्यायाम कोणता, याचा मात्र तक्त्यात पत्ता नाही.

मी साताऱ्याची, नऊ वर्षं यवतेश्वरच्या घाटात पळते. गुडघा कुरकुरू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पळणं कमी करा, सायकल घ्या. मैत्रिणीशी गप्पा मारत पळताना माझे ठोके १३० च्या आसपास असतात. सायकलवर तेवढाच दम लागला तरी आकडा ११९! मला वाटलं, मीच अंगचोरपणा करतेय. मग १३० गाठायचेच म्हणून कासच्या रस्त्यावर हट्टाने पॅडल मारले. छातीला काही झालं नाही, मांड्यांनी मात्र सूड उगवला. दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरले.

कारण साधं आहे. पळताना अख्खं वजन आपणच पेलतो, हात, पाठ, पोट सगळे राबतात. सायकलवर वजन सीटवर आणि बहुतेक काम मांड्यांचं. राबणारे स्नायू कमी, तर हृदयाकडे रक्ताची मागणीही कमी. म्हणून पळणाऱ्यांचे कमाल ठोकेसुद्धा सायकलवर बहुधा ५ ते १० ने कमीच भरतात. मुरलेल्या सायकलस्वारांत हा फरक फारसा राहत नाही. शिवाय उतार! पळताना उतारावरही पाय आपटावेच लागतात, सायकलवर नुसतं बसायचं. घाटात १४८ असलेले ठोके घरी येईपर्यंत ९५. भावजय घड्याळ बघून म्हणते, "वन्सं, रिक्षाने आलात का?"

मनगटावरच्या घड्याळाचाही सायकलवर भरवसा नाही. हँडल आवळून धरलं आणि रस्त्यात खड्डे आले की आकडे उड्या मारतात. छातीच्या पट्ट्याचे बरे. आणि २२० वजा वय हे सूत्र मुळातच सरासरीचं, एखाद्याचे ठोके दहा-बारा इकडेतिकडे सहज असतात. आमच्या ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीने तर ठोके वर चढतच नाहीत, त्यांनी तो तक्ता पाळायचा कसा?

पुढच्या वेळी पळणं आणि सायकल यांचे रकाने वेगळे छापा, आणि गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक ओळ टाका. तोवर कात्रणावर मी लाल पेनाने 'फक्त पळताना' असं लिहून ठेवलं आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा