रंगाचा हिशेब जमिनीवरून नको, भिंतीवरून हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीला महिना-दीड महिना उरला की आमच्या फोंडा तालुक्यात रंगाच्या दुकानांत गर्दी होऊ लागते आणि जो तो दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो : ‘बारा बाय सोळाची खोली आहे, रंग किती लागेल?’ या प्रश्नातच चूक आहे. बारा बाय सोळा ही जमिनीची मापे झाली आणि रंग भिंतीला लावायचा असतो. भिंत किती उंच आहे, वर स्लॅब आहे की कौले, दारे-खिडक्या किती, हे कळल्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही. तरीही उत्तर मिळते, आणि त्याच्या भरवशावर हजारो रुपयांचा व्यवहार होतो.

बांधकामांची मोजमापे घेऊन वहीत उतरवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि तरीही गेल्या वर्षी मीच या बाबतीत फसलो, हे आधी कबूल करतो. आमच्या जुन्या घरातला हॉल, जिथे चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी (फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधली जाते, तो रंगवायचा होता. माल माझा आणि मजुरी चौरस फुटाला १२ रुपये, असे ठरले. रंगाऱ्याने कागदाच्या चिठोऱ्यावर ‘हॉल ७८४ फूट’ एवढेच लिहून दिले आणि त्या मापाने चौदा लिटर रंग आणायला सांगितला. मी तो १० आणि ४ लिटरच्या दोन डब्यांत आणला. काम संपले तेव्हा ४ लिटरच्या डब्याचे झाकणसुद्धा उघडलेले नव्हते. छटा दुकानातल्या यंत्रावर मिसळून घेतलेली असल्यामुळे दुकानदाराने डबा परत घेतला नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नव्हती. मग मी टेप काढला.

हॉल १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद असून त्यावर मंगळुरी कौलांचे एकपाखी छप्पर आहे. वळचणीकडची भिंत ९ फूट आणि आढ्याकडची १४ फूट उंच आहे. रंगाऱ्याने चारही भिंतींची लांबी, म्हणजे ५६ फूट, सरळ १४ ने गुणली होती. प्रत्यक्षात वळचणीची भिंत १६ गुणिले ९ म्हणजे १४४, आढ्याची १६ गुणिले १४ म्हणजे २२४, आणि उतरत्या माथ्याच्या दोन आडव्या भिंतींची सरासरी उंची साडेअकरा धरून प्रत्येकी १३८ चौरस फूट भरतात. एकूण बेरीज ६४४ होते. नुसत्या उंचीच्या घोळात १४० चौरस फूट हवेत रंगवले गेले होते. दुपाखी छपराच्या घरात हाच घोळ वरच्या त्रिकोणापाशी होतो, कारण पाया गुणिले उंची भागिले दोन हे शाळेतले गणित शिडीवर चढल्यावर कोणाला आठवत नाही.

दारा-खिडक्यांच्या वजावटीवर मात्र मी रंगाऱ्याशी उगाच वाद घातला, हे आता मान्य करतो. ३ बाय ७ ची दोन दारे आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या मिळून ७४ चौरस फूट होतात आणि ते वजा झालेच पाहिजेत, असा माझा हेका होता. पण आमच्याकडची चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत चांगली जाड असते. चौकट बाहेरच्या अंगाला बसवलेली असली की आतून फूटभर रुंदीची कड उरते आणि तीही रंगवावीच लागते. खिडकीच्या चार बाजूंची कड १६ चौरस फूट, म्हणजे अगदी खिडकीएवढीच भरते, आणि दाराची तीन बाजूंची १७. दोन दारे आणि दोन खिडक्या मिळून ६६ चौरस फूट परत जमा झाले आणि हॉलचे खरे माप ६३६ वर आले. ‘आयएस १२००’ या मोजमापाच्या भारतीय मानकातही अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करत नाहीत, आणि ३ चौरस मीटरपर्यंतच्या दारा-खिडक्यांना, भिंतीच्या दोन्ही बाजू रंगवल्या असतील तर, एकाच बाजूची वजावट करून कडा वेगळ्या मोजत नाहीत, त्यामागे हाच व्यवहार आहे. फ्लॅटच्या पातळ भिंतीला जे लागू पडते ते चिऱ्याच्या भिंतीला पडेलच असे नाही.

आता पैशांचे पाहू. साधारण इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा) एक लिटर, प्रायमर मारलेल्या गुळगुळीत भिंतीवर एका हाताला, म्हणजे एका थराला, १२० ते १४० चौरस फूट, म्हणजे दोन हातांना ६० ते ७० चौरस फूट पुरतो. ६३६ ला ६५ ने भागले की पावणेदहा लिटर येतात, म्हणजे दहाचा एक डबा पुरेसा होता, आणि तो पुरलाही. लिटरला ३०० रुपयांच्या हिशेबाने रंगाचे ३,००० झाले. प्रायमर लिटरला १०० चौरस फूट धरून ७ लिटर आणि पुट्टी किलोला १५ चौरस फूट धरून साधारण ४२ किलो लागते, म्हणजे ४० किलोचे पोते आणि वर एक लहान पिशवी. भाव अनुक्रमे १५० आणि २५ रुपये धरले तर या दोन्हींचे आणखी सव्वादोन हजारांच्या आसपास होतात. मजुरी मात्र ७,६३२ रुपये होते, म्हणजे एकूण खर्चाच्या जवळजवळ साठ टक्के. माझ्याकडून मजुरी घेतली गेली ७८४ फुटांची, म्हणजे १,७७६ रुपये जास्त, आणि न उघडलेल्या डब्याचे १,२०० वेगळे. लोक ३०० चा रंग घ्यावा की ४०० चा, यावर दुकानात तासभर घासाघीस करतात. माझ्या हॉलला त्यामुळे फार तर हजार रुपयांचा फरक पडला असता, पण मापाच्या चुकीने त्याच्या तिप्पट नेले.

दुसरा प्रचलित ठोकताळा म्हणजे रंगवायचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या साडेतीन पट धरणे. स्लॅबच्या आख्ख्या घराला तो बऱ्यापैकी जुळतो, हे मी स्वतः ताडून पाहिले आहे. मात्र एकट्या खोलीला तो लावू नये. आमच्या घराच्या नव्या भागातले देवघर ८ बाय ८ चे आणि १० फूट उंच आहे. ठोकताळ्याने ते २२४ चौरस फूट येते. प्रत्यक्षात चार भिंती ३२०, त्यातून दार आणि लहान खिडकी मिळून ३३ वजा, आणि छताचे ६४ मिळवून ३५१ होतात. उलट २० बाय १६ चा, तेवढ्याच उंचीचा दिवाणखाना घेतला, तर ठोकताळा ११२० सांगतो आणि दोन दारे, तीन खिडक्या वजा करून छतासकट खरे माप ९५० च येते. खोली जितकी लहान तितका जमिनीच्या मानाने भिंतींचा घेर मोठा, म्हणून लहान खोलीत माल कमी पडतो आणि मोठ्या खोलीत पैसे जास्त जातात. दोन्ही खोल्या एकत्र रंगवल्या तर चुका एकमेकींना झाकतात, आणि त्यामुळेच हा नियम इतकी वर्षे टिकला असावा. कौलारू खोलीत तर रंगवायला छतच नसते, तिथे त्याला काही अर्थ उरत नाही.

दारा-खिडक्यांचा तैलरंग वेगळा मोजावा. दिल्ह्यांच्या (चौकटीत फळ्या बसवलेल्या) दाराच्या प्रत्येक बाजूला क्षेत्रफळाच्या १.३० पट आणि आडव्या पट्ट्यांच्या झडपा असलेल्या खिडकीला १.८० पट धरण्याची रीत आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या झडपांची प्रत्येक पट्टी दोन्ही अंगांनी रंगवणाऱ्या माणसाला तेवढे द्यायला हवेत.

श्रावणात काम काढणाऱ्यांनी अंदाजात खरवडण्याचे कलमही धरावे. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेललेला चिरा ओल धरून बसतो आणि जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत जुना रंग पापुद्र्याने सुटतो. तेवढा पट्टा वेगळा मोजून त्याचा दर आधीच ठरवावा, म्हणजे काम अर्ध्यावर आल्यावर वाद होत नाही. प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून घाम आलेला दिसला, तर त्या भिंतीचे रंगकाम चतुर्थीनंतरच हाती घेतलेले बरे.

मिसळून घेतलेल्या रंगाबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. गडद छटांसाठी लागणारा बेस, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीचा मूळ रंग, बहुधा ४ ऐवजी ३.६ आणि १० ऐवजी ९ लिटरचा असतो, कारण रंगद्रव्याला डब्यात जागा ठेवावी लागते. तेव्हा डब्याच्या आकारावर न जाता त्यावर छापलेला आकडा वाचावा. दरपत्रकात छापील किमतीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर तो खोडून घ्यावा. २७ जुलै २०१८ पासून रंगांवर २८ ऐवजी १८ टक्के कर आहे आणि एमआरपीत तो धरलेलाच असतो. काही डब्यांमध्ये रंगाऱ्याला बक्षीस मिळवून देणारे टोकन असते, त्यामुळे एक डबा जास्त आणवण्याचा मोह होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. माझ्या रंगाऱ्याच्या मनात तसे काही होते, असे मात्र मला वाटत नाही. त्याने घाईत सर्वांत उंच भिंत मोजली आणि मी चिठोरे न तपासता खिशात घातले.

आपल्या दैनिकाला एकच विनंती आहे. चतुर्थीच्या पुरवणीत दरवर्षी घरसजावटीचे लेख येतात; त्यांच्या शेजारी मोजणीचा एक कोरा तक्ता छापावा, ज्यात प्रत्येक भिंतीची लांबी, दोन्ही टोकांची उंची, दारे-खिडक्या, कडा, किती हात मारायचे आणि एकूण चौरस फूट, एवढेच रकाने असतील. तो कापून रंगाऱ्याबरोबर भरला आणि त्यावर दोघांनी सही केली, की काम उक्ते द्यायचे असो वा मजुरीवर, कशाला दर लावला आहे हे दोघांनाही ठाऊक राहील.

यंदा देवघर रंगवायचे आहे. ३५१ ला ६५ ने भागून साडेपाच लिटरची गरज निघते आणि गेल्या वर्षीचा न उघडलेला ४ लिटरचा डबा माळ्यावर आहे. त्याच क्रमांकाच्या छटेचे आणखी दोन लिटर आणावे लागतील. वर्षाच्या अंतराने मिसळलेली छटा तंतोतंत जुळेलच याची खात्री नसल्यामुळे दोन्ही रंग एका बादलीत कालवूनच भिंतीला लावायला मी सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मोजणीदार,
कवळे, फोंडा – गोवा