ताई, बाबांच्या त्या चार बटणांसाठी थँक्यू

ताई,

काल संध्याकाळी बाबांनी लॅपटॉपचा आवाज स्वतः कमी केला, तुमच्या मदतीने मी बनवलेल्या चार मोठ्या बटणांच्या खिडकीतून. मी बाजूच्या खोलीत होते, नेहमीप्रमाणे हाक येईल म्हणून उठायच्या तयारीत होते, आणि हाक आलीच नाही, आवाज आपोआप दोन टप्प्यांनी खाली आला. तेव्हाच ठरवलं की हे पत्र आता लिहायचंच. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, "ते पिंग काढलंस का आधी ते सांग" म्हणता (पिंगची गोष्ट पुढे येतेच), म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं उघड लिहितेय. अजून कोणी याच कामात अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई माझ्या ऑफिसात होत्या. बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे. त्यांचा लॅपटॉप जुना, मेमरी कमी, त्यामुळे त्यावर मी एफव्हीडब्ल्यूएम टाकलं होतं. हा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, 1993 मध्ये रॉबर्ट नेशन यांनी ट्विम या आधीच्या विंडो मॅनेजरच्या कोडवरून सुरू केला, आणि इतक्या वर्षांनंतरही तो अशा मशीनवर हलका चालतो. मशीनचं काम झालं पण माणसाचं राहिलं. आवाजाचा कंट्रोल म्हणजे कोपऱ्यातला नखाएवढा आयकॉन, त्यावर क्लिक केलं की एक बारीक पट्टी येणार आणि तिचा दांडा धरून ओढायचा. हात थरथरत असताना दांडा धरून ओढणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही. बाबा दोनदा प्रयत्न करायचे आणि मग मला हाक मारायचे.

ऑफिसात मी हे सहज बोलले तेव्हा बाकीच्यांनी सांगितलं की पायथन शिक, मोठी टूलकिट घे, त्यात सगळं मिळतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "एफव्हीडब्ल्यूएम आहे ना? मग त्याच्यासोबत स्क्रिप्ट मॉड्यूल आलेलंच आहे, ते उघडून बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. एफव्हीडब्ल्यूएम-स्क्रिप्ट असं काही असतं हेच माहीत नव्हतं. त्यात आपली खिडकी बनवायची तर एक साधी टेक्स्ट फाइल, वर खिडकीचं नाव, आकार आणि फॉन्ट, मग एकेक विजेट, म्हणजे खिडकीतलं बटण, पट्टी असं काही, त्याचा नंबर, प्रकार, जागा, आणि क्लिक झाल्यावर काय करायचं ते. कंपाइल नाही, काही नाही. फाइल सेव्ह करा, मॉड्यूल परत चालू करा, खिडकी समोर.

आणि तुम्ही मला मॅन्युअल वाच म्हणाला नाहीत याबद्दल तर खासच थँक्यू. तुम्ही म्हणालात, सोबत आलेल्या तयार स्क्रिप्ट उघड, बेल सेटअपची आणि पॉइंटर सेटअपची, आणि त्यातली एकेक ओळ बदलून काय बिघडतं ते बघ. मी तेच केलं, दोन रात्री फक्त मोडतोड केली, आणि मग मॅन्युअल उघडलं तर ते आपोआप कळायला लागलं.

पहिली अडचण लगेच आली. मी स्वतःची फाइल लिहिली तर खिडकी उघडेचना, मेन्यूतून चालवलं की काहीच होत नाही, एररसुद्धा दिसत नाही. तुम्ही लंचमध्ये माझ्या स्क्रीनकडे बघितलंत आणि आधी चूक नाही सांगितली, आधी एरर कुठे जातं ते सांगितलंत, की मेन्यूतून चालवलेल्या गोष्टीची बडबड एक्स सेशनच्या एरर फाइलमध्ये जाऊन पडते, तिथे जाऊन बघ. बघितलं तर घोळ सिंगलक्लिकच्या ओळीवर. त्या भाषेत या शब्दाच्या शेवटी के नाहीच आहे, आपण सवयीने के लावतो. तुम्ही म्हणालात की फ्रेंचमध्ये हा शब्द के शिवायच लिहितात, आणि मग दुसऱ्या स्क्रिप्टकडून मेसेज घेणाऱ्या फंक्शनचं नाव दाखवलंत, रिसिव्हच्या शेवटचा ई तिथे गायब. स्पेलिंग असंच आहे, तसंच लिहायचं. तुम्ही नुसता के खोडून दिला असतात तर पुढच्या वेळी मी परत तुमच्याच डेस्कवर आले असते.

मग तो चौकटीचा कागद. या मॉड्यूलमध्ये बटणं आपोआप रांगेत बसत नाहीत, प्रत्येक विजेटला पिक्सेलमध्ये जागा आणि आकार आपणच द्यायचा. मी अंदाजाने आकडे टाकत होते आणि एक बटण हलवलं की दुसऱ्यावर चढत होतं. तुम्ही माझ्या हातातून कीबोर्ड बाजूला सरकवलात, कागद पुढे ठेवलात आणि विचारलंत, "बाबा हात कुठे टेकवतात?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन बघितलं. बाबा मनगट टेबलाच्या कडेला टेकवतात, माउस जवळजवळ हलवतच नाहीत, आणि पॉइंटर बराच वेळ स्क्रीनच्या खालच्या उजव्या भागात असतो. म्हणून खिडकी तिथे गेली. एक चौकट म्हणजे वीस पिक्सेल धरून मी चार मोठी बटणं काढली, मधे एकेक चौकट मोकळी सोडली, म्हणजे हात घसरला तर दोन बटणांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडेल, शेजारच्या बटणावर नाही. मिनीस्क्रोल आणि स्क्रोलबार ही सरकवायची दोन्ही विजेट त्या मॉड्यूलमध्ये आहेत, मला ते वापरायचा मोह होता कारण दिसायला छान, पण कागदावर बाबांचा हात आला आणि ते आपोआप बाद झाले. नुसते पुशबटन. एका दाबात पाच टक्के.

बटणांवर मराठी लिहायचं होतं आणि तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसत होती, जोडाक्षरं सुटी पडत होती. मी फॉन्ट बदलत बसले, चार फॉन्ट झाले, तेच. तुम्ही म्हणालात फॉन्टचा दोष नाही, अक्षरं जुळवायचं काम करणारा भागच या ठिकाणी नाहीये, तू शब्द बदल. इतका साधा उपाय मला सुचला नसता! मग आपण दोघींनी बसून ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नसलेले शब्द शोधले. वाढव. कमी. फोटो. बंद. त्यांच्यावर एक ओळ, नेट आहे किंवा नेट नाही, आणि बॅटरीसाठी आडवा डिपस्टिक, म्हणजे किती उरलंय ते दाखवणारी पट्टी. बाबांना एक शब्दही परका वाटला नाही.

आता त्या रविवारबद्दल लिहिते, कारण खरं पत्र त्याच्यासाठीच आहे.

नेट आहे की नाही हे दाखवायला मी पिरिऑडिक टास्कमध्ये पिंग टाकलं होतं, म्हणजे नेटवरच्या दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी कमांड. हा भाग दर सेकंदाला चालतो, मला वाटलं बरंच झालं, सतत ताजी माहिती. नेट चालू असताना सगळं मस्त चाललं. रविवारी नेट गेलं, बाबा काहीतरी ऐकत होते, आवाज वाढवायला बटण दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं. आठ-नऊ वेळा दाबलं असेल. मग अचानक खिडकी जागी झाली आणि ते सगळे क्लिक एकामागोमाग लागू झाले, आवाज एकदम कानठळ्या बसतील इतका, आणि बाबा दचकून खुर्चीतून अर्धे उठले. त्यानंतर दोन दिवस त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही. मी रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा मी रडवेली झाले होते हे तुम्हाला कळलं असणार, पण तुम्ही ते न दाखवता फक्त विचारलंत, "तुझी स्क्रिप्ट कोणाची वाट बघतेय?"

आणि मग तुम्ही जे समजावलंत ते मी अजून विसरलेले नाही. गेटआउटपुट कमांड चालवतं आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबून राहतं, तोवर खिडकी ना काही रंगवते ना क्लिक ऐकते, क्लिक मात्र रांगेत जमा होत राहतात. पिंगला उत्तर नाही आलं की ते वाट बघतं, म्हणजे नेट गेल्यावरच, नेमकं नको तेव्हा, सगळं गोठणार. तुम्ही उपाय एकेक करून माझ्याच तोंडून काढून घेतलात. पिंग बाहेर काढायचं, एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली फाइल, एफव्हीडब्ल्यूएम सुरू होताना स्टार्टफंक्शनमधून एकदाच मागे सोडून द्यायची, तिने फाइलमध्ये एक किंवा शून्य लिहायचं, आणि आपल्या खिडकीने ती फाइल फक्त वाचायची. तेही दर सेकंदाला नाही, वेळेला दहाने भागून बाकी शून्य आली तरच. मी ते केलं तर मधूनच नेटची ओळ कोरी व्हायची, तेव्हा तुम्ही सांगितलंत की लिहिता लिहिताच वाचलं जातंय, आधी दुसऱ्या नावाने लिही आणि मग नाव बदल. ती शेवटची गोष्ट मी ऑफिसच्या कामातही तीनदा वापरलीय.

पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. मी रागाने गेटआउटपुट सगळीकडून काढून टाकलं आणि आवाजाचं बटण डू वापरून लिहिलं, डू म्हणजे विंडो मॅनेजरला कमांड देऊन मोकळं व्हायचं. आता खिडकी गोठेना, पण आवाजाचा आकडा एक पाऊल मागे राहायला लागला. दाबलं की जुनाच आकडा, पुढच्या दाबाला आधीचा. तुम्ही हसून म्हणालात, आता कोणीच कोणाची वाट बघत नाहीये, बदल व्हायच्या आधीच तू आकडा वाचतेयस. इथे थांबायलाच हवं. अ‍ॅमिक्सर, म्हणजे आवाज बदलणारी कमांड, आवाज बदलल्यावर नवा आकडा स्वतःच छापतं, मग गेटआउटपुटनेच बदल कर आणि त्याच्याच उत्तरातून आकडा घे. ज्या थांबण्यामुळे रविवारी बाबा दचकले तेच थांबणं इथे योग्य. पिंग कधी परत येईल सांगता येत नाही, अ‍ॅमिक्सर लगेच येतं, म्हणून एकाची वाट बघायची आणि दुसऱ्याची नाही. हा फरक मला कुठल्याही पानावर सापडला नसता, सापडला असता तरी कळला नसता.

बाकी बारीकसारीक मदत खूप आहे. अ‍ॅमिक्सरचा आकडा चौकोनी कंसात टक्क्याच्या चिन्हासकट येतो आणि मी स्ट्रकॉपीने, म्हणजे मजकुराचा ठरावीक तुकडा घेणाऱ्या फंक्शनने, तो कापत होते, मग शंभर झालं की एक अंक गायब. महिरपी कंसातली स्ट्रिंग आणि तिच्यात परत ऑक या मजकूर निवडणाऱ्या कमांडचे महिरपी कंस, तेही जमेना. तुम्ही म्हणालात कापाकापी शेलमध्ये कर, तीन ओळींची वेगळी फाइल ठेव, खिडकीपर्यंत नुसता आकडा येऊ दे.

आणि बंदचं बटण. मी बंद दाबल्यावर तिथेच, त्याच जागी, हो आणि नको अशी दोन लपवलेली बटणं दाखवत होते, शो विजेट वापरून. तुम्ही विचारलंत की कंप असलेला हात एकदा दाबायला गेला तर किती वेळा दाबतो. दोनदा दाबला जातो, कधी तीनदा. म्हणजे बंद आणि लगेच हो. ती बटणं आता खिडकीच्या दुसऱ्या टोकाला येतात, आणि पॉइंटरच्या जवळचं बटण नको हे असतं. टायटल बारही काढून टाकला, नाहीतर एखाद्या चुकीच्या क्लिकने अख्खी खिडकीच बंद झाली असती, आणि स्टिकी केलंय, त्यामुळे बाबा कुठल्याही डेस्कटॉपवर गेले तरी चार बटणं सोबत.

तुमची बदली झाल्यापासून लंचला तो कोपरा रिकामा आहे. तुम्ही एकदाही "दे इकडे, मी लिहून देते" म्हणाला नाहीत, आणि मला माहितीये की तुम्ही ते अर्ध्या तासात लिहिलं असतंत. बाबांच्या खिडकीतली प्रत्येक ओळ मला का आहे ते सांगता येतं, म्हणून त्यांनी काही मागितलं की मी त्याच रात्री बदलू शकते. नाहीतर मला प्रत्येक वेळी तुम्हाला विचारावं लागलं असतं आणि संकोचाने मी विचारलंही नसतं.

त्यांनी मागितलंयच. त्यांना गाण्यांची यादी हवीय, एक गाणं निवडायचं आणि ते लागलं पाहिजे. लिस्ट विजेट आहे, पण त्याची सरकपट्टी परत तीच बारीक. चौकटीच्या कागदावर दोन चित्रं काढून ठेवलीयत, एकात लिस्ट, दुसऱ्यात पाच मोठी बटणं आणि खाली पुढे-मागे. मला दुसरं बरोबर वाटतंय. तुम्ही पुढच्या महिन्यात येणार आहात असं कळलं, कागद बॅगेतच ठेवते, आणि या वेळी घरीच या, बाबांना तुम्हाला स्वतः बटण दाबून दाखवायचंय.

तुमची,
बाबांची मुलगी