मावशी, चित्रकलेच्या वर्गाबद्दल

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

"नर्सिंग सोडून चित्रं काढायला लागलीस की काय?" म्हणून तू फोनवर हसलीस. तेव्हा घाईत होते, आता सविस्तर लिहिते.

इथे आम्हा नर्सेससाठी आठवड्यातून एकदा तासभर चित्रकलेचा वर्ग असतो. पहिल्यांदा गेले ती नाइलाजानेच. नाईट करून आलेल्या माणसाला उशी हवी असते, पेन्सिल नव्हे. बाईंनी सांगितलं, कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता आपला डावा हात काढा. मी काढला तो पाच काठ्यांचा पंजा! बाई म्हणाल्या, "हा तुला पाठ असलेला हात आहे. समोर आहे तो काढ." दुसऱ्यांदा सावकाश काढताना दिसलं, की माझा अंगठा टोकाला बाहेर वळतो आणि सॅनिटायझरने पेरांवर बारीक भेगा पडल्यात. ३५ वर्षं हा हात वापरतेय, तरी कधी नीट पाहिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा. दुखतंय का विचारलं, तर "बरं आहे." किती दुखतंय ते बोटाने दाखवायचा चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला, तर बोट हसऱ्या चेहऱ्यावर, म्हणजे दुखणं शून्य. (हा तक्ताही चित्रांतूनच आलाय बरं का! १९८० च्या दशकात डोना वाँग ही नर्स आणि तिची सहकारी कॉनी बेकर यांनी मुलांना रिकामी वर्तुळं देऊन त्यांत दुखण्याचे चेहरे काढायला सांगितले होते.) चार्टवर शून्य लिहून मी पुढे गेलेही असते. पण नजर चादरीवर अडकली. बाकी चादर सपाट, आणि उजव्या मुठीशी सगळ्या चुण्या पंख्यासारख्या गोळा झालेल्या. एक खांदा वर ओढलेला, छाती जेमतेम हलतेय. खोकायला सांगितलं, तर खोकवेना. असं उथळ श्वास घेत पडून राहिलं की कफ साचतो, पुढे न्यूमोनिया होतो, हे मी तुला काय सांगणार? डॉक्टरांना कळवलं, वेदनाशामक दिलं, मग पोटावर उशी दाबून धरत त्यांना खोकायला लावलं.

नर्सिंगच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी १९७८ साली नर्सिंगच्या ज्ञानाचे चार प्रकार मांडले, त्यात शास्त्राच्या जोडीला कलाही होती. कॉलेजात तेवढं उत्तर घोकून मार्क मिळवले होते. ते त्या चादरीपाशी समजलं.

चित्र काढल्याने ताण जातो, असंही इथे फार बोलतात. २०१६ च्या एका अभ्यासात ३९ जणांनी ४५ मिनिटं काही ना काही कलाकाम केलं आणि त्यातल्या साधारण पाऊण लोकांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे मी त्यावर उड्या मारत नाही. शिवाय ड्यूटीवर माणसं कमी असली, तर रंगपेटीने ती भरून निघत नाहीत. हे वरिष्ठांना सांगितलं, तर त्यांना आवडलं नाही.

घरी येऊन त्या चुण्या काढल्या, फक्त चुण्या. पेशंटचा चेहरा वहीत उतरवायचा नाही, हे माझं मीच ठरवलंय. सकाळी आजोबांनी विचारलं होतं, "रात्री एवढं काय बघत होतीस?" म्हटलं, "चादर."

तू पेशंटची फाईल उघडण्याआधी क्षणभर दारातच का थांबायचीस, हे तुला विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या फोनवर सांग.

खाली हाताचं चित्र जोडलंय. अंगठा वाकडा आहे, पण तो खरंच तसा आहे.

तुझी,
धाकटी