सिलिंग बंद होण्याआधी प्लँट ऑपरेटरला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाणेर, खराडी, हिंजवडीत उभ्या राहणाऱ्या बहुतेक ऑफिस इमारतींच्या जाहिरातीत हल्ली 'स्मार्ट' हा शब्द असतो. अशाच एका इमारतीत मी एसी आणि इलेक्ट्रिकलचा सुपरवायझर होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो.

सगळा कारभार एका स्क्रीनवर दाखवणारी बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम) तिथे पहिल्या दिवसापासून होती. पण बसवणाऱ्या कंपनीने मुख्य पासवर्ड स्वतःकडेच ठेवला. करार संपला, नवा दर परवडेना. साधा सेन्सर बदलला तरी तो जोडायला त्यांचाच माणूस लागे. शेवटी एएचयूच्या, म्हणजे हवा गार करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्राच्या, पॅनेलवरचा स्विच आम्ही 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकला. पावणेदोन वर्षं तो तसाच होता. मजला रिकामा असला तरी हवा गारच. इतके पैसे ओतून केलेली यंत्रणा अशी पडून राहिलेली बघताना जीव तुटायचा.

नियोजनाच्या बैठकीला आर्किटेक्ट, सल्लागार, विक्रेते असतात. प्लँट, म्हणजे इमारतीची एसी-विजेची यंत्रणा, चालवणारा नसतो. त्याला बोलावलं तर तो सांगेल, की तापमानाचा सेन्सर पश्चिमेच्या काचेजवळ लावू नका. एप्रिलच्या दुपारी तो उन्हाने तापतो, एसी जोरात चालतो आणि आतल्या टेबलांवरच्या बायका शाल पांघरून बसतात. हालचालीवर लागणारे दिवेही अकाउंट्समध्ये जपून लावावेत. मार्चअखेरीस आमच्याकडच्या एक ताई व्हाउचर तपासताना दर दहा मिनिटांनी हात हलवत, नाहीतर अंधार. आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाहेरची हवाच इतकी गार असते, की ती आत घेऊन चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) काही तास बंद ठेवता येतो. मात्र त्यासाठी मोठी डक्ट (हवा वाहून नेणारा मार्ग) आणि मोटरचे डँपर (हवेच्या झडपा) आधीच हवेत. नंतर सिलिंग फोडून कोण बसवतो?

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जोडणारं 'बॅकनेट' हे खुलं मानक १९९५ पासून आहे. निविदेत त्याची अट घालावी. पासवर्ड आणि प्रोग्रामची प्रत हातात आल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नये.

कार्डाने उघडणाऱ्या दारांबद्दल तर हात जोडून सांगतो. फायर अलार्म वाजला की ती आपोआप उघडली पाहिजेत. आमच्या मॉक ड्रिलमध्ये चौथ्या मजल्याचं दार उघडलं नाही. अलार्मची वायर जोडायचीच राहिली होती. मी ते बाहेरून कार्ड लावून उघडलं, तेव्हा आत माणसं दाराला खेटून उभी होती. इमारतीचा ताबा घेण्याआधी अलार्म वाजवून, माणूस उभा करून, प्रत्येक दार तपासा.

– एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक, वारजे, पुणे