ओजूच्या चित्रांविषयी

नाशिक, १० जून

चि. सौ. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू रविवारी न जेवता पुण्यास निघून गेलीस, तेव्हापासून हे पत्र मनात घोळत आहे. जावईबापूंसमोर मी तुला बोललो, ते माझे चुकले. बोलण्याचे कारण मात्र मला अजूनही खरे वाटते आणि फोनवर ते मला नीट सांगता येणार नाही.

"फोटो काढला आहे ना, मग कागद कशाला सांभाळायचे?" असे म्हणून तू ओजूची चित्रे रद्दीत घातलीस, तेव्हा तो दारात उभा होता. तो रडला नाही, काही बोललाही नाही. त्याने रद्दीतला सर्वांत वरचा कागद उलटा करून ठेवला आणि तो आत गेला. तुझी पाठ होती, म्हणून तुला ते दिसले नाही.

सगळेच ठेवणे शक्य नाही, हे चाळीस वर्षे पुस्तके बांधणाऱ्या माणसाला कळते. म्हणून हॉलमधल्या एका भिंतीवर सुतळी ताण, कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे लाव आणि नवे चित्र आले की जुन्यांपैकी कोणते उतरवायचे, ते त्यालाच ठरवू दे. त्या भिंतीवर ऊन येत नसावे, कारण स्केचपेनचे रंग उन्हाने लवकर उडतात. सेलोटेप लावू नकोस. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा पिवळा डाग कागदात कायमचा राहतो. लॅमिनेशनही नको, त्या उष्णतेने मेणखडू वितळतात आणि एकदा बसलेले प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. उतरवलेल्या चित्रांतून वर्षाला वीस-पंचवीस निवडून सपाट ठेव, खडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाल. वर्तमानपत्र घालू नकोस, त्या कागदातले आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळे पाडते. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख आणि चित्रात काय आहे, ते त्याच्याच शब्दांत लिही. फोटोही जरूर काढ, पण खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. मातीच्या आणि खोक्यांच्या वस्तूंना तर फोटोच पुरेसा आहे. दुकानातल्या नव्या पोराला शिकवावे तसा मी सांगत सुटलो आहे, राग मानू नकोस. तुझी नोकरी, घर, दोन्ही वेळची धावपळ मी पाहतो आणि मला तुझा अभिमानच वाटतो. पण तो दारात उभा होता, मनू.

तुझी चित्रे मी बांधली होती, आठवते? २००३च्या सिंहस्थात तू आठ वर्षांची होतीस. रामकुंडावरच्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाला तू निराळ्या रंगाचे धोतर दिले होतेस आणि दुतोंड्या मारुतीची दोन्ही तोंडे हसरी काढली होतीस. तिवंधा चौकातल्या रहाडीत, रंगपंचमीच्या त्या रंगाच्या हौदात, उडी घेणारे अण्णाकाका होते, त्यांचे फक्त पाय रंगाबाहेर. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून, कापडी पाठ लावून मी तो ग्रंथ केला होता. २००८च्या पुरात भांडी बाजारातल्या दुकानात पाणी शिरू लागले, तेव्हा तुझी आई सांगत होती की मनूची पेटी आधी माळ्यावर टाका. मी गिऱ्हाइकांच्या वह्या उचलत राहिलो. तो ग्रंथ असलेली तुझी पेटी खालच्या फळीवर राहिली. पाने एकमेकांना चिकटून लगदा झाला, स्केचपेनचे रंग वाहून गेले. टीपकागद घालून पंख्याखाली वाळवली, तेव्हा कशीबशी तीन वाचली. "जाऊ द्या बाबा, कागदच होते," असे तू म्हणालीस. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत अ श्रेणी मिळवलेली माझी मुलगी पुढे इंटरमिजिएटला बसली नाही आणि मी कधी कारण विचारले नाही. कदाचित त्याचा पुराशी काहीही संबंध नसेल. तरीही रविवारी तू "कागदच आहेत" म्हणालीस, तेव्हा माझा आवाज चढला तो त्यामुळे.

तुम्ही गेल्यावर मी रद्दीतून अकरा चित्रे काढून घेतली. त्यांच्यासाठी जाड पुठ्ठ्याची, बाजूंना कापडी नाड्या असलेली एक मोठी फाइल केली आहे. शनिवारी विनू पुण्यास येत आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. तुझी वाचलेली तीन पानेही तिच्यातच शेवटी ठेवली आहेत. ती तुला नको असतील तर परत पाठव, टाकू नकोस. फाइल कपाटात वरच्या कप्प्यात ठेव, बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, पावसाळ्यात तिला ओल धरते.

दहा चित्रांच्या मागे मी तारीख अंदाजाने घातली आहे. ज्याला त्याने उलटे केले होते, त्याच्या मागे काही लिहिलेले नाही. त्यात निळ्या रंगाचे काहीतरी मोठे आहे, नदी की हत्ती, मला ओळखता आले नाही. ओजूला विचार आणि तो जे सांगेल ते लिही.

तुझे,
बाबा