आजीला मुंबई दाखवताना

पंचवटी, नाशिक

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. दोन दिवसांत गेटवे, राणीची बाग, सी लिंक, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू आणि शिवाय घारापुरी. आजीला मुंबई दाखवायचं तुझ्या मनात आलं, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. पण यादीतलं निम्म्याहून जास्त तू काढून टाकावंस असं मला वाटतं.

आजी मुंबईला याआधी गेलेली आहे, हे तुला कदाचित माहीत नसेल. तुझे आजोबा आजारी होते तेव्हा ती परळला राहिली होती. हॉस्पिटल आणि धर्मशाळा, एवढीच तिची मुंबई. त्या दिवसांत समुद्र बघायला जाऊ या असं कोण म्हणणार? तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नाही. परवा तुझा फोन झाल्यावर मात्र मला विचारलं, "समुद्र अगदी जवळून दिसतो का रे?" टॅक्सीच्या काचेतून पळती ठिकाणं तिला नकोच आहेत. तिला एके जागी बसून बघू दे.

तू गाडी काढून समृद्धीने जायचं म्हणतोस. वेळ वाचेल, खरं आहे. पण इगतपुरीजवळचा तो जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागला की घाट दिसायचा राहूनच जातो. त्यापेक्षा पंचवटी एक्स्प्रेसने जा. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि दुपारच्या आत सीएसएमटीला सोडते. कसारा घाटातला हा लोहमार्ग 1865 साली सुरू झाला. उतार इतका की 37 फुटांमागे एक फूट खाली जायचं. येताना चढ असतो, म्हणून कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. आजीला खिडकी दे, आणि घाट संपेपर्यंत तिच्याशी काही बोलू नकोस. तिला बघताना बोललेलं आवडत नाही.

सीएसएमटीला उतरलात की लगेच टॅक्सी शोधत धावू नका. स्टेशनच्या बाहेर, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभं राहून मागे वळून बघा. 1878 साली काम सुरू झालं, उभं राहायला दहा वर्षं लागली. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा, समोरची महापालिकाही त्याचीच. पण भिंतींवरचे मोर, माकडं, पानंफुलं यांच्यामागे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत, हे आजीला आवर्जून सांग. आपल्याकडे सुंदरनारायणाच्या देवळात ती दगडातलं नक्षीकाम बोट लावून बघते. इथे बोट पोचणार नाही, म्हणून तुझ्या मोबाइलवर फोटो काढून मोठे करून दाखव.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. 1922 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटनेच ते बांधलं. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नकोस, आजीचे गुडघे तासाभरात बोलायला लागतील. मला तिला एकच गोष्ट दाखवायची आहे. आत मधल्या दालनात लाकडी कमानींचं काम आहे. ते नाशिकच्या एका वाड्यातलं. संग्रहालयाच्या विश्वस्तांनी विकत घेऊन इथे बसवलं. आपले वाडे एकामागून एक पडताना आजीनं डोळ्यांनी पाहिलेत. तिचा स्वतःचा माहेरचा वाडाही गेला. नाशिकचं लाकूड मुंबईत इतक्या मानानं उभं आहे, हे तिनं पाहिलंच पाहिजे.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. चर्चगेटच्या बाजूला उतरा आणि कट्ट्यावर बसा, सूर्य बुडेपर्यंत उठू नका. तिला आपली गोदा आठवणार, हे मी आत्ताच सांगतो. त्र्यंबकला उगम, तिथून हा समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि तरी गोदामाई याच्याकडे पाठ करून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. लहानपणी मी याचं कारण विचारलं की आजी म्हणायची, वाटेतल्या सगळ्यांना पाणी पाजायचं असतं तिला. सह्याद्रीचा उतार पूर्वेकडे आहे हे मी पुढे भूगोलात शिकलो, पण आजीचं उत्तरही मी सोडलेलं नाही.

मुक्काम गिरगावात कर. जेवण साधं मिळेल आणि आजीला आजूबाजूला मराठी ऐकू येईल. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. 1920 साली त्यांचा अंत्यविधी तिथेच झाला. आजी तिथे नक्की हात जोडेल.

दुसरी सकाळ मात्र पूर्ण बाणगंगेसाठी ठेव. तुझ्या यादीत हे नावच नाही, आणि माझ्या मते सगळ्या मुंबईत आजीचं सर्वात जवळचं ठिकाण हेच आहे. आपण राहतो तिथून सीता गुंफा हाकेच्या अंतरावर. सीतेला इथून नेलं, जटायू टाकेदला पडला, तिथेही तू लहान असताना आजीच्या मांडीवर बसून गेलेला आहेस. तिची गोष्ट नेहमी टाकेदला थांबते. पुढची कथा वाळकेश्वरची: सीतेच्या शोधात राम तिथे आला, तहान लागली, बाण मारला आणि जमिनीतून गोडं पाणी वर आलं. पूजेला लिंग नव्हतं म्हणून वाळूचंच केलं, त्यावरून वालुकेश्वर. आत्ताच्या तलावाचा जीर्णोद्धार 1715 मध्ये रामा कामतींनी केला. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, दीपमाळा, देवळं. समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोडं. पायऱ्या उतरवू नकोस. वरच्या पायरीवर चटई टाकून दे आणि तू जरा बाजूला हो. गोष्ट ती स्वतः पूर्ण करेल. तेव्हा तिच्याकडून ऐकून घे, कारण मला ती वाळकेश्वरपर्यंत कधीच सांगितलेली नाही.

घारापुरी वगळ. हे लिहिताना वाईट वाटतं. वीस फुटांच्या आसपास उंचीचा तो सदाशिव, एका खडकातून निघालेली तीन शांत मुखं, बघायला मिळणं भाग्याचं. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यातली अंगठ्याएवढी तीन लिंगं आयुष्यभर पाहिलेल्या आजीला तर त्याचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळलं असतं. पण गेटवेला बोटीत चढणं, तासाभराचा हेलकावा, वर शंभराहून जास्त पायऱ्या. डोली मिळते हे मला ठाऊक आहे. आजी माणसांच्या खांद्यावर बसणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तू स्वतः पुढे कधीतरी जाऊन ये, सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद असतात.

गेटवे लांबून दाखव, वेळ उरला तर. परतीला संध्याकाळची पंचवटीच घ्या, मी नाशिकरोडला येईन.

रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर. पाण्याची बाटली घरूनच भरून न्या. आजी तुझ्या खिशात पैसे घालेल, नको म्हणू नकोस. तिला स्वतःच्या पैशानं जायचं आहे, तसं तिनं मला सांगून ठेवलंय. आरक्षण मिळतंय का ते आजच बघ आणि तारीख कळव, म्हणजे तिच्या चतुर्थीच्या उपासाशी ताडून बघता येईल.

तुझे
बाबा