आईच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गौरी-गणपती आटोपले की आईने चिपळूणला जाऊन पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. आई, "मला काही त्रास नाही, मग कशाला?" असे तू म्हणतेस, पण ही तपासणी त्रास नसलेल्या बायकांसाठीच आहे, कारण एचपीव्ही या विषाणूमुळे पेशींत सुरू झालेला बदल कर्करोगापर्यंत पोहोचायला बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात आणि त्या काळात तो सापडला तर पुढचा आजार टाळता येतो. सरकारी कार्यक्रमातही 30 ते 65 वयाच्या स्त्रियांना ती सांगितलेली आहे. मात्र पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर कसलीही वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे.

तुला संकोच आहे तो प्रत्यक्ष तपासणीचा. साडी सोडावी लागत नाही; आतले कपडे काढून, साडी वर घेऊन, गुडघे दुमडून उताणे झोपायचे आणि अंगावर चादर घ्यायची. डॉक्टर स्पेक्युलम नावाचे उपकरण आत हलकेच सरकवून उघडतात, म्हणजे पिशवीचे तोंड दिसते, आणि लहानशा मऊ ब्रशने तिथल्या पेशी घेतात. कापाकापी नाही, भूल नाही, काही मिनिटांत सारे आटोपते. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे थोडे दुखू शकते, म्हणून ते आधीच सांग, लहान स्पेक्युलम वापरायला सांग, आणि सहन झाले नाही तर निःसंकोचपणे "थांबा" म्हण. तो तुझा हक्क आहे. बाई डॉक्टर हव्यात, हेही नाव नोंदवतानाच सांगावे. आदले दोन दिवस आत मलम लावू नये. नंतर किंचित डाग पडला तरी घाबरू नये.

शिबिरांत पुष्कळदा पातळ अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. परंतु तुझ्या वयात बदल होणारा भाग आत सरकलेला असल्याने त्या पद्धतीवर विसंबता येत नाही, तेव्हा ब्रशने घेतलेल्या पेशींत विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी किंवा त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी पॅप चाचणीच करावी.

बाबा, अहवालात "पॉझिटिव्ह" असे आले, तर त्याचा अर्थ कर्करोग झाला असा नव्हे; पुढे कॉल्पोस्कोप नावाच्या भिंगाच्या उपकरणातून पिशवीचे तोंड मोठे दिसेल असे पाहतात आणि गरज वाटली तरच तुकडा तपासायला घेतात. तो कागद वाडीत कोणाला दाखवण्याआधी मला फोन करा, आणि त्या दिवशी आईसोबत तुम्हीच जा.

तुमची लेक